पन्नास खुर्च्या, एक बाई

चुलीवर काही उतू जायला आलं असेल तर आधी ते उतरवा आणि मग निवांत बसून ऐका. आज आम्ही एका निवडणुकीची गोष्ट सांगणार आहोत. आपल्या गावची नाही, घाबरू नका. कुणाच्या भावकीत भांडण लागणार नाही. ही निवडणूक शंभर वर्षांपूर्वीची, आणि तीही ऑस्ट्रेलियातली.

ऑस्ट्रेलिया म्हटलं की घरातल्या पोरांना क्रिकेट आठवतं. त्यातलं पर्थ हे शहर त्यांना ठाऊक असतं. त्या देशाच्या पश्चिम टोकाला, हिंदी महासागराच्या काठाला ते वसलंय. पश्चिम ऑस्ट्रेलिया नावाच्या राज्याची ती राजधानी. राज्य केवढं, तर आपला महाराष्ट्र त्यात आठ वेळा मावेल. आणि १९२१ साली तिथली वस्ती किती, तर सव्वातीन लाखांच्या थोडी वर. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी. तिकडे देशाची संसद वेगळी आणि प्रत्येक राज्याची वेगळी, आपल्याकडे विधानसभा असते तशी. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या विधानसभेत तेव्हा पन्नास जागा होत्या, आणि पन्नासही खुर्च्यांवर पुरुष बसलेले.

१२ मार्च १९२१, शनिवारचा दिवस. मतदान झालं. पश्चिम पर्थ नावाच्या मतदारसंघात थॉमस ड्रेपर उभे होते. हे साधे आमदार नव्हते. राज्याचे ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचं कायद्याचं खातं सांभाळणारे मंत्री. आदल्याच वर्षी, १९२० साली, त्यांनी स्वतः विधेयक मांडलं होतं, की बायकांनाही निवडणुकीला उभं राहता यावं. विधेयक मंजूर झालं, कायदा झाला. आणि तोच कायदा हातात घेऊन त्यांच्याच पक्षाची एक बाई त्यांच्यासमोर उभी राहिली.

मतं मोजली. थोडक्या मतांनी मंत्री पडले, बाई आल्या.

त्या बाईंचं नाव ईडिथ कावन. वय एकोणसाठ. अख्ख्या ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याही विधानसभेत किंवा संसदेत निवडून गेलेल्या त्या पहिल्या बाई.

आमच्या गटाच्या बैठकीत ही गोष्ट पहिल्यांदा निघाली तेव्हा सगळ्या हसल्या. एक जण म्हणाली, "कायदा करताना त्या माणसाला वाटलं असेल, कोण येतंय उभं राहायला!" पण हसून झाल्यावर आम्हाला दुसराच प्रश्न पडला. कायदा आदल्या वर्षीचा. मग एवढ्याशा वेळात ही बाई मंत्र्याला पाडण्याइतकी तयार झाली कशी? शोधायला बसलो तेव्हा कळलं, तयारी एका वर्षाची नव्हतीच. सत्तावीस वर्षांची होती. आणि ती सुरू झाली होती बायकांच्या एका बैठकीत, आपल्यासारख्याच.

पण आधी ईडिथबाईंचं लहानपण सांगायला हवं.

त्यांचा जन्म १८६१ सालचा, पर्थच्या उत्तरेला जेराल्डटन गावाजवळ. घरची मोठी जमीन, मेंढ्यांचे कळप, खाऊनपिऊन सुखी घर. ईडिथ सात वर्षांची असताना आई बाळंतपणात गेली. लेकीला पर्थला शाळेच्या वसतिगृहात ठेवलं. वडिलांनी दुसरं लग्न केलं. आणि १८७६ साली त्या वडिलांनी दुसऱ्या बायकोला बंदुकीने गोळी घालून मारलं. खटला उभा राहिला, फाशीची शिक्षा झाली, आणि त्याच वर्षी त्यांना फाशी दिलं गेलं. ईडिथ तेव्हा चौदा वर्षांची होती.

विचार करा. लहान वस्ती, सगळे सगळ्यांना ओळखणारे. शाळेत, बाजारात, चर्चमध्ये, जिथे जाईल तिथे ही पोरगी कुणाची हे लोकांना ठाऊक. आपल्याकडे अशा घरातल्या मुलीला काय काय ऐकावं लागतं ते आम्ही वेगळं सांगायला नको. ती शाळा सोडून आजीकडे राहायला गेली. १८७९ साली, अठराव्या वर्षी, तिचं लग्न झालं. नवरा जेम्स कावन कोर्टात नोकरीला होता. ज्यांच्या शाळेत ती शिकली त्या बाईंचाच हा भाऊ. पुढे तो मॅजिस्ट्रेट झाला. पाच मुलं झाली, चार मुली आणि एक मुलगा.

नवरा मॅजिस्ट्रेट म्हणजे घरात रोज कोर्टाच्याच गोष्टी. कुणाला नवऱ्याने टाकलं, कुणाचं मूल चोरी करताना सापडलं, कुणी दारू पिऊन बायकोला मारलं. ईडिथबाईंच्या घरात पैशाची ददात नव्हती, पण दुसऱ्यांच्या घरात काय चाललंय ते त्यांना कोर्टाच्या वाटेने दिसत गेलं.

आता त्या बैठकीकडे येऊ. पर्थमध्ये काही बायका एकत्र जमून पुस्तकं वाचायच्या. एक वाचणार, बाकीच्या ऐकणार, मग चर्चा. एवढंच. १८९४ साली पर्थला एक अमेरिकन डॉक्टरीणबाई आल्या, एमिली रायडर. आणि ऐका हं, या बाई कुठून आल्या होत्या? त्यांनी आपल्या मुंबईत काम केलं होतं. इथे कोवळ्या पोरींची लग्नं लावून त्यांचे कसे हाल होतात ते त्यांनी पाहिलं होतं आणि त्यावर पुस्तकही लिहिलं होतं. मुंबईतलं ते सगळं बघून गेलेल्या बाईने पर्थच्या बायकांना सुचवलं, की नुसतं वाचत काय बसता, रीतसर मंडळ काढा. आणि त्यांनी काढलं. करकट्टा क्लब हे त्याचं नाव. ऑस्ट्रेलियातलं बायकांचं हे पहिलं मंडळ मानतात. ईडिथबाई त्याच्या पहिल्या सचिव.

सचिवाचं काम काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. इतिवृत्त लिहा, पत्रं लिहा, निरोप धाडा, न आलेल्यांना पुन्हा बोलवा. दिसायला काहीच नाही आणि संपता संपत नाही. मंडळात आरोग्य, शिक्षण, साहित्य, कायदा असे विषय वाटून घेतलेले. प्रत्येकीने अभ्यास करायचा आणि उभं राहून चारचौघींत मांडायचा. ज्या बाईने घराबाहेर तोंड उघडलेलं नसतं तिला चारचौघींत उभं राहून बोलणं म्हणजे काय असतं, हे आपल्या गटातल्या ज्या पहिल्यांदा बँकेच्या साहेबासमोर बोलल्या त्यांना विचारा. पाय लटपटतात. तिकडच्या बायकांचेही लटपटलेच असतील.

हेही सांगायला हवं, की ही बरी परिस्थिती असलेल्या, शहरातल्या घरांच्या बायकांची मंडळी होती. घरकाम करणारी, कपडे धुणारी बाई त्यांच्यात नव्हती. पण त्या मंडळातून कामं मात्र बाहेर पडत गेली. १९०६ साली मुलांच्या संरक्षणासाठी संस्था निघाली, त्यात ईडिथबाई पुढे होत्या. तेव्हा चुकलेल्या पोरांनाही मोठ्या गुन्हेगारांच्याच कोर्टात उभं करत. या बायकांनी पाठपुरावा केला आणि १९०७ साली मुलांसाठी वेगळं कोर्ट झालं. १९०९ साली कामावर जाणाऱ्या आयांच्या मुलांसाठी पाळणाघर सुरू झालं. पुढे १९१५ साली ईडिथबाईंना मुलांच्या कोर्टात न्याय द्यायला बसवलं. आणि १९१६ साली पर्थमध्ये बायकांसाठी किंग एडवर्ड मेमोरियल नावाचं बाळंतपणाचं हॉस्पिटल उघडलं, त्यासाठीही त्यांनी वर्षानुवर्षं खटपट केली होती. जिची आई बाळंतपणात गेली त्या लेकीने हे हॉस्पिटल उभं राहताना बघितलं.

सगळं गोडीगुलाबीने झालं असंही नाही. १९०९ साली काढलेल्या बायकांच्या एका मोठ्या संघटनेत त्या उपाध्यक्ष होत्या. काही वर्षांनी मतभेद झाले आणि त्या तिथून बाहेर पडल्या. बायकांच्या संघटनेत भांडणं होतात म्हणून नाक मुरडणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. पुरुषांच्या पक्षांमध्ये काय होतं ते आपण रोज बातम्यांत ऐकतोच.

आता मताच्या हक्काविषयी. पश्चिम ऑस्ट्रेलियात बायकांना मत मिळालं १८९९ साली. आपल्याला वाटेल, पुरुषांना उमज पडली. काहींना पडलीही असेल, आणि बायकांनी सभा घेऊन मागणी लावूनही धरली होती. पण त्यामागे एक हिशेबही होता. त्या काळात राज्याच्या आतल्या भागात सोन्याच्या खाणी सापडल्या होत्या. दूरदूरचे पुरुष एकटेच तिकडे धावले. त्यांची मतं वाढत चालली आणि ती जुन्या सरकारच्या विरोधात जायची. सरकारचा जोर जुन्या वस्तीत, जिथे लोक बायकापोरांसह राहत. बायकांना मत दिलं तर जुन्या वस्तीची मतं जवळजवळ दुप्पट होतात, खाणीवरच्या एकट्या पुरुषांची होत नाहीत. म्हणजे हक्क मिळाला, पण देणाऱ्याची नजर आपल्या खुर्चीवर होती. आम्हाला यात वाईट वाटत नाही. हक्क कुठल्या कारणाने मिळाला ते त्याच्यावर लिहिलेलं नसतं.

असाच प्रकार शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियात झाला, आणि तो तर ऐकण्यासारखा आहे. १८९४ साली तिथे बायकांना मत देण्याचं विधेयक आलं. त्यात लिहिलं होतं, मत द्या पण बायकांनी उभं राहायचं नाही. एका विरोधकाने डाव टाकला. म्हणाला, ती अट काढून टाका, बायकांना उभंही राहू द्या. त्याचा हेतू असा, की एवढं अतीच झालं म्हटल्यावर सगळं विधेयकच पडेल. पण झालं उलटं. विधेयक अटीविना मंजूर झालं, आणि बायकांना एकाच दिवशी दोन्ही हक्क मिळाले. दुसऱ्याच्या पायात घालायला विणलेलं जाळं त्याच्याच पायात अडकलं.

मात्र १८९४ साली उभं राहण्याचा हक्क मिळालेल्या त्या राज्यात पहिली बाई निवडून कधी आली माहीत आहे? १९५९ साली. पासष्ट वर्षांनी. हक्क कागदावर होता, जागा मात्र रिकामी झाली नाही. देशाच्या संसदेतही तसंच. हक्क १९०२ सालचा, आणि १९०३ च्या निवडणुकीत बायका उभ्याही राहिल्या, पण पहिल्या दोघी निवडून गेल्या त्या १९४३ साली. तिकडे राखीव जागा नव्हत्या. ज्या पक्षाने तिकीट द्यायचं तो द्यायचा नाही, आणि दिलंच तर जिथे पडायची खात्री तिथलं.

म्हणून पर्थची १९२१ ची निवडणूक आम्हाला मोठी वाटते. तिथे कायद्यानंतर लगेच बाई निवडून आली, कारण कायद्याच्या आधीच लोक तिला ओळखत होते. ईडिथबाईंनी प्रचारात काय सांगितलं, तर मी आजवर काय काम केलं ते बघा. पाळणाघर, मुलांचं कोर्ट, हॉस्पिटल. राज्यात कायदा आणि सुव्यवस्था हवी असंही त्या म्हणाल्या, ती त्यांच्या पक्षाची भाषा होती. आणि आणखी एक गोष्ट म्हणाल्या, ती आम्हाला फार आवडली. बायका टुमणं लावतात असं पुरुष म्हणतात ना, मग घराच्या आणि समाजाच्या प्रश्नांवर जरा टुमणं लावायलाच विधानसभेत बायका हव्यात, अशा अर्थाचं त्यांचं सांगणं होतं. जो टोमणा मारायचा तोच त्यांनी हसत हसत फलकासारखा पुढे धरला.

विरोध झालाच. मेलबर्नच्या एका वर्तमानपत्राने लिहिलं, की बायकांना राजकारणाचं हे नवं खूळ लागलं तर घरोघरी आबाळ होईल. एकोणसाठ वर्षांची बाई. मुलं केव्हाच मोठी झालेली. कुणाच्या घराची आबाळ होणार होती?

२८ जुलै १९२१ रोजी त्या विधानसभेत पहिल्यांदा बोलायला उभ्या राहिल्या. आजूबाजूला एकोणपन्नास पुरुष. बाईला इथे पाठवणं शहाणपणाचं नव्हतं असं पुष्कळांना वाटतं, हे मला माहीत आहे, असं त्यांनी सुरुवातीलाच सरळ सांगून टाकलं. पुढे म्हणाल्या, की पुरुष आणि बाई शेजारी बसून राज्याचं काम करतील आणि बाईने सुचवलेलं पुरुष ऐकून घेतील, तर आजवर झालं नाही असं काम होईल.

मग त्यांनी बाबागाडीचा विषय काढला. आगगाडीने जाताना आईने मुलाची बाबागाडी बरोबर घेतली तर रेल्वे तिचे वेगळे पैसे घ्यायची. आता ज्या आईच्या कडेवर एक मूल, हाताला दुसरं आणि खांद्याला पिशवी, तिने बाबागाडी नाही घ्यायची तर काय करायचं? हे एकोणपन्नास जणांपैकी कुणाला सुचलं नव्हतं, कारण कडेवर मूल घेऊन आगगाडीत चढण्याची पाळी त्यांच्यावर आली नव्हती. ज्यांना एस.टी.च्या पायरीवर चढताना मूल आणि बोचकं दोन्ही सांभाळावं लागतं त्यांना आम्ही यापेक्षा जास्त काय सांगणार.

बायकोने घर सांभाळायचं तर नवऱ्याच्या कमाईत तिचा कायद्याने वाटा असावा, असंही त्या म्हणत. शाळेत मुलामुलींना शरीराचं शिक्षण द्यावं, असंही म्हणत. ते काही त्यांच्या काळात झालं नाही. लोक हसले, टोमणे मारले. पण तीन वर्षांत दोन कायदे मात्र त्यांनी घडवून आणले. ते नीट समजून घेऊ.

पहिला १९२२ सालचा. समजा कमावतं मूल वारलं, त्याला बायकापोरं नाहीत, मृत्युपत्रही नाही. त्याची जमीन, पैसा कुणाला? तिथला नियम असा होता की बापाचा हक्क आईच्या पुढे. नऊ महिने पोटात वाढवलं, दूध पाजलं, आजारपणं काढली, ती आई मागे. ईडिथबाईंनी दुरुस्ती आणली आणि आईला बापाच्या बरोबरीने हक्क मिळाला.

दुसरा १९२३ सालचा, जास्त मोठा. त्यासाठी थोडं मागे जायला लागेल. एडिथ हेन्स नावाची एक मुलगी होती, नाव जवळपास आपल्या ईडिथबाईंचंच. तिला वकील व्हायचं होतं. वडील वकील, त्यांच्याच हाताखाली ती शिकत होती. १९०४ साली तिला परीक्षेला बसू दिलं नाही. प्रकरण कोर्टात गेलं. कायद्यात लिहिलं होतं की कोणतीही योग्य 'व्यक्ती' वकील होऊ शकते. न्यायाधीशांचा निकाल असा, की इथे व्यक्ती म्हणजे बाई धरता येत नाही. ऐकलंत? बाई ही व्यक्ती नाही. कर भरायचा असेल तर ती व्यक्ती, तुरुंगात जायचं असेल तर व्यक्ती, वकील व्हायचं म्हटलं की नाही.

ईडिथबाईंनी स्वतः विधेयक मांडलं. सरकारचं नव्हे, एकट्या आमदाराचं, आणि असं विधेयक पार पडणं आजही अवघड असतं. त्यात म्हटलं होतं, की केवळ बाई आहे म्हणून कुणालाही कुठल्या पेशातून, सरकारी पदावरून किंवा न्यायाच्या कामातून अडवता येणार नाही. ते मंजूर झालं. एडिथ हेन्सला नाही म्हटल्याला एकोणीस वर्षं झाली होती.

आणि मग १९२४ ची निवडणूक आली. ईडिथबाई पडल्या.

१९२७ साली पुन्हा उभ्या राहिल्या. पुन्हा पडल्या.

का पडल्या? आमचं मत असं. त्या आपल्या पक्षाच्या आधी बायकांचं आणि मुलांचं काम ठेवायच्या. सरकार त्यांच्याच पक्षाचं, तरी पटलं नाही तर विरोधात बोलायच्या. पक्षाला वाटलं ही आपली नाही. समोरच्या मजुरांच्या पक्षाला त्या मोठ्या घरच्या, श्रीमंतांच्या पक्षाच्या वाटत. बायकाही सगळ्या त्यांच्यामागे उभ्या राहिल्या नाहीत. बाई उभी आहे म्हणून बाई मत देतेच असं नसतं, हे आपण आपल्या वॉर्डातही पाहिलंय. हरल्यावर घरी बसल्या असंही नाही, त्यांची समाजाची कामं चालूच राहिली. पण विधानसभेत त्या पुन्हा गेल्या नाहीत. ९ जून १९३२ रोजी त्या वारल्या.

कायदे मात्र राहिले. नवीन आलेल्या सरकारने ते मोडले नाहीत. आणि १९२५ साली त्याच विधानसभेत दुसरी बाई गेली, मे होल्मन नावाची, मजुरांच्या पक्षाची. जंगलात लाकूडतोड करणाऱ्यांचा मतदारसंघ. आधी तिथे तिचे वडील आमदार होते, ते वारल्यावर ती उभी राहिली. लोक म्हणाले असतील, बापाच्या पुण्याईवर आली. पण ती पुढे पुन्हा पुन्हा निवडून आली आणि १९३९ साली मरेपर्यंत आमदार राहिली.

आता एक गोष्ट राहिली, आणि ती सांगितल्याशिवाय आम्हाला थांबता येणार नाही. १९२१ साली ईडिथबाईंना मतं दिली ती कुणी? गोऱ्या पुरुषांनी आणि गोऱ्या बायकांनी. त्या जमिनीवर हजारो वर्षं राहत आलेल्या मूळच्या लोकांना मत नव्हतं. पुरुषांनाही नाही, बायकांनाही नाही. आशियातून गेलेल्यांनाही कायदा आडवा येत होता. म्हणजे आपल्या मुलखातून गेलेला एखादा माणूस तिथे राहून कष्ट करत असेल, तरी तो त्या रांगेत उभा राहू शकत नव्हता. या अन्यायाबद्दल बोलायला १९२२ साली श्रीनिवास शास्त्री हिंदुस्थानातून ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेले, आणि १९२५ साली तिथे राहणाऱ्या हिंदी लोकांना देशाच्या संसदेसाठी मत मिळालं. मूळच्या आदिवासींना पश्चिम ऑस्ट्रेलियात मताचा हक्क मिळायला १९६२ साल उजाडलं. ज्या विधानसभेत ईडिथबाई बायकांच्या हक्कासाठी उभ्या राहिल्या त्या विधानसभेने आदिवासी बायकांना आणखी चाळीस वर्षं बाहेर ठेवलं.

ईडिथबाई गेल्यावर त्यांची आठवण म्हणून पर्थच्या मोठ्या बागेच्या, किंग्ज पार्कच्या, दारात घड्याळाचा मनोरा बांधायचं ठरलं. त्यालाही विरोध झाला, एका बाईचं स्मारक एवढ्या मोक्याच्या जागी कशाला म्हणून. तरी १९३४ साली तो उभा राहिला आणि आजही तिथे वेळ दाखवतोय. पर्थमध्ये त्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे. आणि ऑस्ट्रेलियाच्या पन्नास डॉलरच्या नोटेवर १९९५ पासून त्यांचा चेहरा आहे.

ती नोट उलटी केली तर मागे आणखी एक चेहरा दिसतो. डेव्हिड युनायपॉन. आदिवासी समाजातला लेखक आणि संशोधक. मेंढ्यांची लोकर कातरायच्या यंत्रात त्याने सुधारणा शोधून काढली होती. मेंढ्यांच्या कळपांत वाढलेली ईडिथ एका बाजूला आणि तो दुसऱ्या बाजूला. मधे एका नोटेएवढं अंतर.

पुढच्या बुधवारी याच वेळेला भेटू. ग्रामसभेची नोटीस कुठे लागली आहे ते तोवर बघून ठेवा. विषय कोणते घेतलेत तेही वाचा.